‘गुलामगिरी’ : अलंकार की संकल्पना?

रत्नागिरीहून किनाऱ्याच्या रस्त्याने गणपतीपुळ्याकडे निघाले की वाटेत आरे आणि वारे ही दोन गावे लागतात. मध्ये डोंगराची सोंड समुद्रात उतरली आहे आणि तिच्या दोन्ही अंगांना पुळणी आहेत. वरच्या वळणावर उभे राहिले की दोन्ही किनारे एकाच वेळी दिसतात. म्हणून तेथे मोटारी थांबतात, छायाचित्रे काढली जातात आणि मंडळी पुढे निघून जातात. गेल्या माघात आम्ही (जिल्ह्यातल्या निरनिराळ्या महाविद्यालयांत मराठी शिकवणारे तिघे) पदव्युत्तर वर्गाच्या विद्यार्थ्यांना घेऊन तेथल्या सुरूच्या बनात बसलो होतो. चार भिंतींबाहेर वाचन करावे, एवढाच हेतू होता. हाती महात्मा फुले यांचे ‘गुलामगिरी’ होते.

प्रस्तावनेचे वाचन संपले तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, ही गुलामगिरी खरीखुरी, की उपमेसारखी?” आमच्यापैकी एकाने सवयीने उत्तर दिले, “ते एक अत्यंत प्रभावी रूपक आहे.” उत्तर परीक्षेत चालण्यासारखे होते. मुलांनी ते वहीत उतरवूनही घेतले. तेव्हा मागे बसलेली एक विद्यार्थिनी म्हणाली, “माझे पणजोबा खोताकडे वेठीला जायचे. ते रूपक नव्हतं.”

पुढे काय बोलावे ते आम्हाला सुचले नाही. हे लिहिताना आम्ही ‘आम्ही’ म्हणतो आहोत खरे, पण तो शब्दही तितका सरळ नाही. आमच्यापैकी एकाचे घराणे खोतांचे आहे. दुसऱ्याचे आजोबा कूळ होते. दोघेही आज एकाच अभ्यास मंडळावर बसतात आणि एकच प्रश्नपत्रिका काढतात. त्या दिवशी परतताना दोघांच्याही मनात एकच गोष्ट होती : उत्तर चुकले, आणि ते अज्ञानाने नव्हे, सोयीने चुकले. प्रस्तुत लेख हा त्या चुकीची दुरुस्ती करण्याचा प्रयत्न आहे. त्यासाठी आम्ही आधार घेतला आहे तो गेल ऑम्व्हेट या समाजशास्त्रज्ञ विदुषीच्या अभ्यासजीवनाचा. कारण ‘गुलामगिरी’ हा शब्द अलंकार म्हणून न वाचता संकल्पना म्हणून वाचला तर अभ्यासकाला काय काय करावे लागते, याचे इतके स्वच्छ उदाहरण आपल्याकडे दुसरे नाही.

प्रथम पुस्तकाकडे पाहू. ‘गुलामगिरी’ १८७३ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. जोतीराव आणि धोंडिबा यांच्या संवादाच्या रूपातली सोळा प्रकरणे आणि आधी प्रस्तावना, अशी त्याची रचना आहे. पुस्तक अर्पण केले आहे ते कृष्णवर्णीय गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसणाऱ्या अमेरिकेतल्या भल्या माणसांना, आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवून शूद्रांना दास्यातून सोडवावे अशी आशा तेथे व्यक्त केली आहे. अमेरिकेत गुलामी कायद्याने संपली ती डिसेंबर १८६५ मध्ये; म्हणजे पुण्यातला हा लेखक जगातली आठच वर्षांपूर्वीची घटना हाताशी घेऊन लिहीत होता.

आता एक तपशील, जो आम्ही स्वतः कित्येक वर्षे वर्गात सांगितला नाही. हिंदुस्थानात गुलामीची कायदेशीर मान्यता १८४३च्या पाचव्या अधिनियमाने काढून घेतली गेली होती, आणि १८६०च्या दंडसंहितेने माणसाची गुलाम म्हणून खरेदी-विक्री करणे हा गुन्हा ठरवला होता. फुल्यांनी हे पुस्तक लिहिले तेव्हा कागदावरची गुलामी सरून तीस वर्षे लोटली होती. अशा वेळी एखादा लेखक आपल्या पुस्तकाला हेच नाव देतो, तेव्हा त्याचे दोनच अर्थ संभवतात. एक तर तो अतिशयोक्ती करतो आहे. किंवा कायद्याने जी गुलामी पाहिली आणि संपवली, तिच्यापेक्षा निराळी आणि कायद्याला न दिसणारी गुलामी तो दाखवतो आहे. आमच्या अभ्यासक्रमांनी पहिला अर्थ निवडला. म्हणूनच आमच्या टिपणांत ‘आवेशपूर्ण निवेदन’, ‘रांगडी भाषा’, ‘उपरोधाचा प्रभावी वापर’ असे शब्द सापडतात. शैलीची वाखाणणी करून सिद्धांतातून सुटका करून घेण्याची ही जुनी आणि सभ्य रीत आहे.

गेल ऑम्व्हेट यांनी दुसरा अर्थ निवडला. २ ऑगस्ट १९४१ रोजी अमेरिकेतील मिनियापोलिस येथे त्यांचा जन्म झाला. १९६०च्या दशकात त्या प्रथम भारतात आल्या. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत समाजशास्त्राचे उच्च शिक्षण घेत असताना १९७०-७१ मध्ये प्रबंधाच्या कामासाठी महाराष्ट्रात पुन्हा आल्या. त्या काळात बर्कलीचे वातावरण वंशभेदविरोधी आणि युद्धविरोधी चळवळींनी तापलेले होते. फुल्यांवरचा त्यांचा लेख ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये १९७१ साली प्रसिद्ध झाला. प्रबंध पूर्ण झाला तो १९७३ मध्ये, म्हणजे ‘गुलामगिरी’ला शंभर वर्षे झाली त्याच वर्षी. ‘कल्चरल रिव्होल्ट इन अ कलोनियल सोसायटी’ या नावाने तो १९७६ मध्ये मुंबईहून पुस्तकरूपाने निघाला. १८७३ ते १९३० या काळातील पश्चिम भारतातील ब्राह्मणेतर चळवळ हा त्याचा विषय. ज्या देशातल्या माणसांना फुल्यांनी पुस्तक अर्पण केले, त्या देशातून शतकानंतर एक अभ्यासक आली आणि तिने ते पुस्तक उघडले. योगायोग म्हणून ही गोष्ट गोड आहे. पण आम्हाला ती योगायोगापेक्षा अधिक वाटते, कारण गुलामी संपल्याचा कायदा झाल्यावरही काय शिल्लक राहते, हा प्रश्न तोवर अमेरिकेतही पुरता पेटला होता.

या प्रबंधाने काय केले? ब्राह्मणेतर चळवळ म्हणजे सरकारी नोकऱ्यांसाठीची चढाओढ, किंवा इंग्रजांनी लावून दिलेले भांडण, अशी जी दोन सोपी स्पष्टीकरणे प्रचलित होती ती तिने बाजूला सारली आणि या चळवळीला सांस्कृतिक बंड म्हटले. सत्ता केवळ जमिनीत किंवा कारखान्यात नसते. धर्मकल्पना, नोकरशाही, विद्या यांच्यावरच्या मक्तेदारीतही असते, हे फुल्यांचे म्हणणे तिने सिद्धांत म्हणून मांडले. साहित्याच्या शिक्षकांना यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटावी. सत्यशोधक तमाशे आणि जलसे, पुस्तिका, गाणी ही सामग्री ऑम्व्हेट यांनी इतिहासाची प्रमुख साधने म्हणून वाचली. आमच्या वाङ्मयेतिहासांत मात्र हे जलसे बराच काळ तळटिपेत राहिले. समाजशास्त्रज्ञाने जे साहित्य म्हणून वाचले, ते साहित्याच्या माणसांनी ‘प्रचार’ म्हणून ठेवून दिले.

प्रबंधानंतर परत जाऊन विद्यापीठात स्थिर होणे हा रूढ मार्ग होता. ऑम्व्हेट यांनी तो धरला नाही. १९७६ मध्ये त्यांचा विवाह भारत पाटणकर यांच्याशी झाला. सांगली जिल्ह्यातले कासेगाव हे त्यांचे गाव झाले. सासूबाई इंदुताई पाटणकर या साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या लढ्यातल्या कार्यकर्त्या. १९८३ मध्ये ऑम्व्हेट भारताच्या नागरिक झाल्या. श्रमिक मुक्ती दल, परित्यक्ता स्त्रियांचे प्रश्न, दुष्काळी भागातील पाणीवाटपाची आंदोलने यांत त्या होत्या. पुणे विद्यापीठातील फुले-आंबेडकर अध्यासनाचे कामही त्यांनी केले. महाराष्ट्रातील कष्टकरी स्त्रियांच्या लढ्यांवरचे ‘वुई विल स्मॅश धिस प्रिझन’ १९८० मध्ये, ‘दलित्स अँड द डेमोक्रॅटिक रिव्होल्यूशन’ १९९४ मध्ये, ‘बुद्धिझम इन इंडिया’ २००३ मध्ये आणि ‘सीकिंग बेगमपुरा’ २००८ मध्ये आले. २५ ऑगस्ट २०२१ रोजी कासेगावातच त्यांचे निधन झाले. नावे आणि वर्षे यांच्या या यादीतून एक धागा सरळ निघतो : तुरुंगापासून बेगमपुऱ्यापर्यंत. ‘गुलामगिरी’चा अभ्यास म्हणून सुरू झालेले काम हळूहळू स्वातंत्र्याच्या कल्पनेचा अभ्यास बनले.

हा धागा नीट समजावा म्हणून आणखी एका समाजशास्त्रज्ञाचा उल्लेख करणे भाग आहे. ऑर्लँडो पॅटरसन हे १९४० साली जमैकात जन्मलेले, हार्वर्ड विद्यापीठात दीर्घकाळ अध्यापन केलेले विद्वान. आधी कादंबरीकार : किंग्स्टनच्या झोपडवस्तीवरची त्यांची ‘द चिल्ड्रेन ऑफ सिसिफस’ १९६४ मध्ये आली. १९८२ मध्ये त्यांचे ‘स्लेव्हरी अँड सोशल डेथ’ प्रसिद्ध झाले. जगातील अनेक समाजांतील गुलामीची तुलना करून त्यांनी दाखवले की गुलामाचे सार ‘विकला जाणे’ यात नाही. गुलामीची तीन अंगे ते सांगतात : सतत टांगलेली हिंसा, जन्माने मिळणाऱ्या नात्यांपासून तोडले जाणे, म्हणजे आईबाप, वंश, पूर्वज यांच्यावरचा हक्क समाजाने न मानणे, आणि कायमची अप्रतिष्ठा. या तिन्हींचा मिळून जो परिणाम होतो, त्याला ते सामाजिक मृत्यू म्हणतात. १९९१च्या ‘फ्रीडम’ या ग्रंथात, ज्याला त्या वर्षीचे अमेरिकेचे नॅशनल बुक अवॉर्ड मिळाले, ते याच विचाराची दुसरी बाजू मांडतात : स्वातंत्र्य हे मूल्य म्हणून प्रथम कोणाला सुचले? ज्याच्यापाशी ते होते त्याला नव्हे. ज्याच्यापाशी नव्हते त्याला, आणि प्राचीन ग्रीसमध्ये तर विशेषकरून स्त्रियांना.

याच १९८२ साली धुळ्याच्या शरद पाटील यांचे ‘दास-शूद्र स्लेव्हरी’ हे इंग्रजी पुस्तक निघाले. दोन माणसे, दोन खंड, एकच विषय. ‘अब्राह्मणी साहित्याच्या सौंदर्यशास्त्रा’मुळे पाटील आमच्या विभागांत परिचित आहेत, गुलामगिरीवरचे त्यांचे लेखन मात्र ‘तो इतिहासाचा विषय’ म्हणून दारातूनच परत जाते.

तो खरोखरच आपला विषय नाही काय? भाषेकडेच पाहावे. ‘कुणबीण’ हा शब्द घ्या. मोल्सवर्थच्या कोशात त्याचा एक अर्थ कुणब्याची स्त्री असा आहे आणि दुसरा अर्थ दासी, विकत घेतलेली बाई असा. पेशवाईच्या कागदपत्रांत कुणबिणी आणि बटकी यांच्या खरेदीच्या, कामाला लावण्याच्या, पळून गेल्याच्या नोंदी आहेत. सुमित गुहा यांनी अठराव्या शतकातील पश्चिम भारतातील गुलामी आणि राज्यसंस्था यांवर सविस्तर लिहिले आहे. शेतात राबणारी स्त्री आणि मालकीची स्त्री यांना भाषेने एकच नाव द्यावे, यात केवढा इतिहास साठलेला आहे! आज ‘बटीक’ हा शब्द आम्ही ‘सत्तेची बटीक’ अशा अग्रलेखी प्रयोगातच वापरतो. शब्द अलंकार झाला आणि बाई नाहीशी झाली.

जनाबाईचे असेच झाले. ‘नामयाची दासी’ ही तिची मुद्रा आम्ही भक्तीतील लीनतेचे लक्षण म्हणून शिकवतो. ते चूक नाही. पण अर्धे आहे. परंपरा सांगते ती जनाबाई आईबापांविना परक्या घरी वाढलेली, दळणकांडण करणारी, शेणी वेचणारी. पॅटरसन ज्याला नात्यांपासून तुटणे म्हणतात तेच तिच्या आयुष्याचे पहिले वाक्य आहे. मग ती विठ्ठलाला आई, बाप, सखा करते तेव्हा तिथे फक्त भावाची उत्कटता नसते. समाजाने नाकारलेले गोत तिथे नव्याने उभे राहत असते. दासीपणाचे रूपक दासीच वापरते तेव्हा ते रूपक राहत नाही. ऑम्व्हेट यांनी ‘सीकिंग बेगमपुरा’मध्ये जनाबाई, चोखामेळा, कबीर, रविदास, तुकाराम यांना फुले-आंबेडकरांच्या रांगेत बसवले ते यासाठीच. बेगमपुरा ही रविदासांची नगरी, जिथे दुःख नाही आणि कराचा धाक नाही. ते मोक्षाचे वर्णन असू शकते. पण करांचा उल्लेख मोक्षाच्या वर्णनात कशाला यावा? ज्याच्या दाराशी वसुली येते त्यालाच हे सुचते.

आता आमच्या जिल्ह्याकडे येऊ. रत्नागिरीत बंदिवासाच्या दोन खुणा पाहुण्यांना आवर्जून दाखवतात. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा १९१६ मध्ये मरेपर्यंत येथे नजरकैदेत होता. १९१० मध्ये पुऱ्या झालेल्या त्याच्या राजवाड्याला आज तिकीट आहे. सावरकर १९२४ ते १९३७ या काळात येथे स्थानबद्ध होते. त्यांच्या स्मृतीही जपलेल्या आहेत. टिळकांचे जन्मस्थान याच शहरात. स्वातंत्र्य आणि बंदिवास हे शब्द ज्या गावाच्या दगडादगडावर कोरलेले आहेत, त्या गावात खोताच्या कुळाच्या नावाने एकही पाटी नाही. आणि टिळकांचे घराणे चिखलगावचे खोत होते, हे आम्ही चरित्रात वाचतो, पण ‘स्वराज्य’ शिकवताना कधी आठवत नाही.

खोत हा कोकणातला वंशपरंपरागत वसूलदार. गावाचा सारा सरकारात भरायचा आणि कुळांकडून तो वसूल करायचा, हे त्याचे काम. कुळे अर्धेली, तिर्धेली अशी. म्हणजे भाताचा अर्धा किंवा तिसरा वाटा खोताचा. उभ्या पिकाचा अंदाज बांधायचा त्याला अभावणी म्हणत, आणि तो अंदाज खोताच्या डोळ्यांनी ठरे. यावर वेठ : खोताच्या शेतात बिनमोल राबायचे. १८८०च्या खोती कायद्याने या हक्कांना लेखी रूप दिले. १९३३ पासून अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी सहा वर्षे जमीन न कसता संप चालवला. मंडणगड तालुक्यातील आंबडवे ज्यांचे मूळ गाव, त्या डॉ. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती रद्द करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला. कायदा प्रत्यक्षात आला तो स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये. तोवर रत्नागिरीची हजारो कुळे मुंबईच्या गिरण्यांत जाऊन पोहोचली होती. बोटीत बसणे हे पोटासाठी होते, तसेच खोताच्या नजरेबाहेर जाणेही होते. कोकणी माणसाच्या मुंबईप्रेमाविषयी आपण जेवढे भावुक लिहिले, तेवढे या दुसऱ्या कारणाविषयी लिहिले नाही.

आमच्यातल्या खोतांच्या नातवाने आरे-वारेहून परतल्यावर माळ्यावरच्या वह्या खाली काढल्या. मोडी वाचणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांना बसवून त्या वाचून घेतल्या. धान्याच्या हिशेबात कुळांची नावे आहेत, बापाच्या नावासकट. वेठीच्या हिशेबात नावे नाहीत. तिथे ‘गडी ४’, ‘गडी ६’ एवढेच आहे. त्याने ती पाने आम्हाला दाखवली तेव्हा त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता. कुळाच्या नातवानेही बराच वेळ काही म्हटले नाही, मग म्हणाला, “यातला एखादा आमचा असेल, पण कोणता ते कळणार नाही.” गावे निराळी होती, तरी वाक्य खरे होते.

म्हणजे खोती ही गुलामी होती काय? नाही. आणि आमच्या मुद्द्याचे मर्म याच ‘नाही’त आहे. वह्याच सांगतात : धान्याच्या पानावर कुळाला बाप आहे, वंश आहे. त्याचे गोत समाजाने काढून घेतलेले नव्हते. तो पळून मुंबईला जाऊ शकत होता आणि तेथून मनिऑर्डर धाडू शकत होता. पॅटरसनच्या कसोटीवर तो गुलाम ठरत नाही. पण वेठीच्या पानावर तोच माणूस आकडा होतो. तिथे हिंसेची टांगती भीती आहे, अप्रतिष्ठा आहे, आणि तेवढ्या दिवसापुरते नावही गेलेले आहे. रूपक आणि संकल्पना यांत फरक आहे तो हाच. रूपक ‘सारखे आहे’ एवढेच म्हणते आणि टाळी घेते. किती सारखे, कुठवर सारखे, कुठे अजिबात नाही, हे तिथे कोणी विचारत नाही. संकल्पना मोजमाप मागते. म्हणूनच रूपक सर्वांना सोयीचे असते : ज्याच्यावर अन्याय झाला त्याला सहानुभूती मिळते आणि ज्याने केला त्याला कोणी हिशेब विचारत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळणे योग्य नव्हे. जात आणि गुलामी या निराळ्या संस्था आहेत. त्यांना एका शब्दात कोंबले तर दोन्हींचे आकलन बिघडते, असे अनेक अभ्यासक म्हणतात. आंबेडकरांनीच या दोहोंची तुलना करताना दाखवले की अस्पृश्यता काही बाबतींत अधिक निष्ठुर आहे : गुलाम ही धन्याची मालमत्ता असल्याने त्याला जगवण्यात धन्याचा स्वार्थ असतो, अस्पृश्याला जगवण्याची जबाबदारी कोणावरच नसते. हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. पण तो फुल्यांच्या शब्दाविरुद्ध जात नाही. उलट तो शब्द संकल्पना म्हणून वापरला तरच असा सूक्ष्म भेद करता येतो. आंबेडकर तुलना करू शकले, कारण फुल्यांनी दोन गोष्टी एका तराजूत आणून ठेवल्या होत्या.

फुल्यांनाही या कसोटीतून सूट नको. त्यांची अर्पणपत्रिका मुक्ती देणाऱ्यांना वंदन करते. मात्र अमेरिकेच्या यादवी युद्धात सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या बाजूने लढले. त्यांतले पुष्कळसे कालपर्यंत गुलाम होते. स्वातंत्र्याची कल्पना बद्धांकडून येते, हे पॅटरसनचे म्हणणे मान्य केले तर अर्पणपत्रिकेत एक जागा रिकामी राहते. अर्थात पुस्तकाच्या आत ती जागा भरलेली आहे : तिथे प्रश्न विचारणारा धोंडिबा आहे, आणि विचारता विचारता तो मोकळा होत जातो.

ऑम्व्हेट यांच्याशीही आमचे मतभेद आहेत. शेतकऱ्याच्या बंधनाचे मूळ त्या सरकारी नियंत्रणातही पाहू लागल्या आणि शरद जोशींच्या शेतकरी संघटनेप्रमाणे खुल्या बाजाराकडे आशेने पाहू लागल्या. नर्मदेच्या धरणाच्या वादात १९९९ मध्ये अरुंधती रॉय यांना लिहिलेल्या खुल्या पत्रात दुष्काळी भागातल्या शेतकऱ्याची पाण्याची भूक त्यांनी पुढे मांडली. प्रश्न रास्त होता. पण बाजारात उतरणारा माणूस मोकळाच उतरतो, हे गृहीतक आम्हाला पटत नाही. ऊसतोडीला जाणारे जोडपे आजही ‘एक कोयता’ म्हणून मोजले जाते आणि मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत हंगाम सुटत नाही. वीटभट्टीवरच्या कातकरी कुटुंबाची गोष्ट वेगळी नाही. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६चा आहे. कायदा आणि मुक्ती यांतले अंतर फुल्यांना १८७३ मध्येच माहीत होते. ‘गडी ४’ आणि ‘एक कोयता’ यांत किती अंतर आहे, याचा निवाडा वाचकांनीच करावा.

मग साहित्याच्या वर्गात करायचे काय? आमची सूचना साधी आहे. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) आम्ही आत्मपर लेखनाचा नमुना म्हणून लावतो. त्याला १९७२चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाल्याचे सांगतो. त्या पुस्तकात लग्नगडी आहे : लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी सावकाराकडे बायकोसह राबणारा वारली. ते पुस्तक ‘गुलामगिरी’च्या शेजारी ठेवून वाचावे. जनाबाईचे अभंग कुणबिणीच्या नोंदींशेजारी वाचावेत. सत्यशोधक जलसे नाट्येतिहासाच्या पहिल्या प्रकरणात यावेत. आणि विद्यार्थ्याला ‘या कृतीतील रूपके स्पष्ट करा’ असा प्रश्न देण्यापूर्वी ‘यातले रूपक कोणते नाही?’ असे एकदा विचारावे. याने साहित्य समाजशास्त्रात विरून जाईल अशी भीती काही सहकारी व्यक्त करतात. आम्हाला तसे वाटत नाही. शब्दाचा पहिला, जड, अंगावर येणारा अर्थ सांभाळणे हे साहित्याच्याच माणसांचे काम आहे. ते आपण सोडले म्हणून मिनियापोलिसहून आलेल्या एका बाईला कासेगावात राहून ते करावे लागले.

यंदा माघात आम्ही पुन्हा आरे-वारेला जाणार आहोत. वेठीच्या पानांच्या छायाप्रती बरोबर नेऊ. त्या विद्यार्थिनीचे शिक्षण संपले आहे, पण तिला निरोप धाडला आहे, आणि ती येते म्हणाली आहे. तिच्या पणजोबांचे नाव आम्ही त्या दिवशी विचारले नव्हते. वर्ग सुरू करण्यापूर्वी या खेपेला तेवढे आधी विचारायचे आहे.